अ, ब आणि मी

हे मी मंगळवारी लिहितोय. काल लिहिणार होतो, पण काल मला खुर्चीत बसता येत होतं आणि उठता येत नव्हतं, त्यामुळे ऑफिसात मी साडेनऊला बसलो तो थेट संध्याकाळी उठलो. साहेबांना वाटलं, फार मन लावून काम करतोय.

झालं असं, की एका हौशी ग्रुपने बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जंगलवाट काढली होती. 'सर्वांसाठी. वयाची अट नाही, फिटनेसची अट नाही.' अट नव्हती, पण फॉर्ममध्ये रकाना होता. अ म्हणजे उत्तम, ब म्हणजे बरा, क म्हणजे जेमतेम. क गटाने गेटपासून कान्हेरीपर्यंत बसने जायचं आणि खालची लेणी बघायची. ब गटाने जाताना बस, येताना चालत. अ गटाने सहाएक किलोमीटर चालत जायचं, लेण्यांच्या पायऱ्या चढायच्या, वरून माथा गाठायचा आणि चालतच परत.

मी अ लिहिलं.

आता हसू नका. मी रोज गोरेगावहून आठ बाराची लोकल पकडतो. पाठीवरची बॅग पोटावर घेऊन, एका पायावर, दुसरा पाय कुणाच्या बुटावर आहे याचा विचार न करता उभा राहतो. दादरचा पूल रोज चढतो, तोही अशा गर्दीत की चढायचं की नाही हे आपल्या हातात नसतं. वीस वर्षं हे करणाऱ्या माणसाने स्वतःला 'जेमतेम' म्हणायचं? पूल चढताना मागचे लोक आपल्याला ढकलत असतात आणि जंगलात मागे कोणीच नसतं, हा बारीकसा फरक त्या वेळी माझ्या लक्षात आला नाही.

पहिले तीन किलोमीटर मी इतका झकास चाललो की शेजारच्या मुलीला साग आणि ऐन यांच्या पानांतला फरकही समजावून सांगितला. (चुकीचा सांगितला होता. तिने नंतर दुरुस्त केला.) डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना झाडी, वर कुठेतरी कस्तूराची शीळ. मग रस्ता चढू लागला. चढ असा खोडसाळ, की डोळ्यांना दिसत नाही, फक्त पोटऱ्यांना कळतो. ऑक्टोबरचं ऊन, जमिनीतून येणारी वाफ, आणि ग्रुपचा पुढारी, वय वर्षं चोवीस, दर वळणावर म्हणणार, "आलंच काका, पाच मिनिटं." ही ट्रेकवाल्यांची पाच मिनिटं कुठल्या घड्याळात असतात, मला बघायचंय. माझ्या हिशेबाने त्यातली पहिलीच पाच मिनिटं अजून चालू आहेत.

आणि 'काका'. मी सेहेचाळीसचा आहे.

कान्हेरीच्या पायऱ्या अर्ध्या चढल्यावर मी एका कोरलेल्या दगडी बाकावर बसलो. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात बौद्ध भिक्षू राहायला आले, तेव्हा त्यांनी बसायला बाकं कोरली, याबद्दल त्यांचे जितके आभार मानावेत तितके थोडे. ग्रुप पुढे गेला. मी 'जरा फोटो काढतो' म्हणून थांबलो होतो. हात थरथरत असल्यामुळे सगळे फोटो झाडाच्या हिरव्या वादळाचे आले.

तेवढ्यात ते आले.

पंचाहत्तरीच्या आसपासचे. गुडघ्यापर्यंतची खाकी पँट, पांढरे मोजे, गळ्यात नॅपकिन, हातात जुन्या छत्रीचा दांडा. वरून खाली उतरत होते आणि त्यांना घाम म्हणून नव्हता. माझ्यासमोर थांबले. आधी चेहरा बघितला, मग बूट, मग पुन्हा चेहरा.

"दमलात."

"नाही नाही, फोटो काढतोय."

त्यांनी काही न बोलता माझं मनगट धरलं आणि स्वतःच्या घड्याळात बघू लागले. अनोळखी माणसाने मनगट धरल्यावर काय करायचं असतं ते मला कधी कोणी शिकवलेलं नाही. मी बसून राहिलो.

"148," ते म्हणाले. "वय?"

"सेहेचाळीस."

"वजन?"

"एक्क्याऐंशी."

"खरं सांगा."

"सत्त्याऐंशी."

"मी चौतीस वर्षं विम्यात होतो," ते माझ्या शेजारी टेकत म्हणाले, "माणूस बघितला की मला हप्ता दिसतो. वडील आहेत?"

"आहेत."

"वा. आई?"

"आहे."

"आजोबा?"

"गेले."

"कशाने?"

"वयानेच. एक्क्याण्णव होते."

ते बराच वेळ गप्प राहिले. कागदपत्रं सगळी नीट असून माल मात्र भलताच निघाल्यावर माणूस जसा बघतो, तसे माझ्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "मग हे तुमचं असं कसं झालं?"

एव्हाना आजूबाजूला माणसं जमली होती. मुंबईत कोणी बसलेलं दिसलं की कोणी विचारत नाही, पण बसलेल्याचं मनगट कोणी धरलेलं दिसलं की सभा भरते. एका कुटुंबाने चिवड्याचा डबा बंद केला. कोणी म्हणालं, साखर द्या. कोणी म्हणालं, साखर नको, मीठ द्या. एका बाईंनी माझे पाय वर करायला सांगितले आणि त्यांच्या मुलाने ते खरंच वर केले. काकडी विकणाऱ्या मावशींनी मीठ-तिखट लावलेली अर्धी काकडी हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. त्याचंच मला सगळ्यात जास्त लागलं. पैसे न घेण्याइतकी माझी अवस्था झाली होती? ती काकडी तोंडापर्यंत जायच्या आत माकडाने हिसकावली आणि वरच्या लेण्याच्या कठड्यावर बसून माझ्याकडे बघत खाल्ली.

"बघा, किती चपळ," विमेकाका म्हणाले. "पाणी किती आणलंत?"

"अर्धा लिटर."

"संपलं कधी?"

"बिबट्याचा बोर्ड होता ना, तिथे."

"हे जे खड्डे दिसतायत ना, ही टाकी आहेत. जवळजवळ प्रत्येक लेण्याला आपलं टाकं. शिलालेखात त्याला पोढी म्हणतात. पावसाचं पाणी डोंगरातच मुरवायचं आणि साठवायचं. शंभरावर लेणी, इतके भिक्षू, आणि त्यांचं पाणी पुरायचं." त्यांनी माझ्या रिकाम्या बाटलीकडे बघितलं. "तुम्ही अर्धा लिटर."

मग, मी विचारलेलं नसताना, ते खास माझ्यासाठी राखून ठेवल्यासारखी गोष्ट सांगू लागले. "नव्वद नंबरचं लेणं बघितलंत? नाही ना. कसं बघणार. तिथे पारशी लोक आपली नावं कोरून गेलेत. पह्लवी लिपीत, म्हणजे जुन्या इराणी लिपीत, तारखेसकट. सन 1009. एकदा ऑक्टोबरात, एकदा नोव्हेंबरात. म्हणजे तेव्हाही शहाणी माणसं पावसाळा संपल्यावरच इथे यायची. ग्रुपने यायची, वर चढायची, सगळ्यांची नावं कोरायची."

"छान," मी म्हणालो. दम अजून लागलेलाच होता.

"आता त्या ग्रुपातही तुमच्यासारखा एखादा असणारच ना? अर्ध्या वाटेत बसलेला?"

"असेल."

"त्याचं नाव नाही कोरलेलं."

सभा हसली. चिवडेवाले जास्त हसले. काकांनी छत्रीचा दांडा दगडावर टेकवला आणि माझ्याकडे झुकून, जरा प्रेमाने म्हणाले, "पण 1021 सालचाही एक लेख आहे. बारा वर्षांनी पुन्हा कोणीतरी आलं होतं. मला नेहमी वाटतं, हा तो राहिलेला माणूस असणार."

हे बोलून ते उठले आणि उतरून गेले. जाताना त्या मुलाला सांगून गेले, "यांचे पाय अजून दोन मिनिटं वर ठेव."

मला या सगळ्याचा राग का येतो सांगू? मी दमलो, हे कबूल. पण 'सर्वांसाठी' असं लिहिणाऱ्याने एकदा तरी सर्वांना डोळ्यांपुढे आणलं होतं का? पत्रकात अंतर किलोमीटरमध्ये लिहिलं होतं. चढ किती, ऊन किती, सावली कुठे, बायकांना जायला जागा कुठे, यातलं काहीच नाही. सहा किलोमीटर मरीन ड्राइव्हवर वेगळे आणि डोंगरावर वेगळे, हे काही गुपित नाही. 1892 साली नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने साधा ठोकताळा मांडून ठेवलाय: तीन मैलांना एक तास, आणि प्रत्येक हजार फूट चढाला वरून अर्धा तास. म्हणजे अंतर वेगळं, चढ वेगळा. रविवारी रात्री गरम पाण्याच्या बादलीत पाय घालून बसल्यावर हे मला फोनवर सापडलं. पत्रक काढणाऱ्याला ते पाय न भिजवताही सापडलं असतं. आणि नेस्मिथचा तो हिशेबही सवयीच्या माणसाचा, त्यात थांबणं धरलेलं नाही. माझ्यासारख्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही, कारण मांडणारे सगळे पुढे निघून गेलेले असतात. 'सोपं आहे हो' हे कायम वर पोहोचलेला माणूस म्हणतो. खालच्याला कोणी विचारतं?

शिवाय उतरणं. चढताना दम लागतो एवढंच, खरी वसुली उतरताना होते. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी ब्रेकही लावत असतो, त्यात त्याचे धागे दुखावतात, आणि ते दुखणं लगेच कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आपण सगळं विसरलो असं वाटत असताना, वर येतं. म्हणून काल दादरचा पूल मी चढलो रोजच्यासारखा आणि उतरलो उलटा, कठड्याला धरून, बाळ रांगत उतरतं तसा. मागून एकाने विचारलं, "काका, काही पडलंय का?"

तर मुख्य अपमान.

माथ्यावर गेलेले लोक खाली आले. वरून म्हणे सगळी मुंबई दिसत होती. पुढारी माझ्याजवळ आला. हातात क्लिपबोर्ड, त्यावर आमची यादी, पेन्सिलीने लिहिलेली. माझं नाव, पुढे अ. त्याने खिशातून खोडरबर काढलं. ट्रेकला जाणारा माणूस खिशात दोरी, चाकू, शिट्टी ठेवतो हे ऐकलं होतं. खोडरबर पहिल्यांदा बघितलं. त्याने माझ्या डोळ्यांसमोर तो अ खोडला, कागदावरची चुरी फुंकरली, आणि तिथे क लिहिला.

"ब तरी लिही," मी म्हणालो.

"काका, ब वाले आता चालत परत निघालेत. तुम्ही चालणार?"

मी बसमध्ये बसलो. क गटात दोन आजी, एक प्लास्टर घातलेले गृहस्थ आणि तिसरी-चौथीतली सात मुलं होती. त्यातल्या एकीने मला खिडकीची जागा दिली आणि ओकारी येत असेल तर आधी सांगा म्हणाली.

उतरताना मी त्या यादीचा फोटो काढून घेतला. रात्री बायकोला दाखवला. नीट मोठा करून दाखवला. कागद कितीही खोडा, पेन्सिलीचा दाब राहतोच. क च्या खाली, जरा तिरपा धरला की, अ अजून वाचता येतो.

"दिसतोय?" मी विचारलं.

तिने चष्मा वर केला, खाली केला, फोन उजेडाकडे नेला.

"पाय काढ बादलीतून," ती म्हणाली. "पाणी गार झालंय."