गबाल्दोन शाळा अमेरिकेने दान दिलेल्या नाहीत

माझी भाची फिलिपिन्समध्ये डॉक्टरकी शिकते. तिथल्या मराठी मुलांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज तिने परवा मला पाठवला. खाली एकच ओळ: "मामा, हे खरंय का?" मेसेज सांगतो की अमेरिकेने स्वतःच्या तिजोरीतून फिलिपिन्सच्या गावोगावी फुकट शाळा बांधल्या, गबाल्दोन हा त्या बांधणारा अमेरिकन इंजिनिअर, १९०७ साली तिथल्या सगळ्या जनतेला मताचा हक्क मिळाला आणि स्थानिक पुढारी म्हणजे नुसते होयबा.

एवढ्याशा मेसेजमध्ये इतकं खोटं! आणि पोरं ते वाचून माना डोलावतात. स्पेननंतर तेव्हा फिलिपिन्सवर अमेरिकेचं राज्य होतं, एवढंच काय ते खरं.

आधी माणूस. इसाउरो गबाल्दोन फिलिपिनो होता. १८७५ साली नुएवा एसिहा प्रांतातल्या सान इसिद्रोत जन्मला, वकील झाला, १९०६ मध्ये त्याच प्रांताचा गव्हर्नर झाला आणि पुढच्या वर्षी पहिल्या फिलिपाइन असेंब्लीत, म्हणजे तिथल्या मतदारांनी निवडलेल्या खालच्या सभागृहात, निवडून गेला. शाळांचे नमुना आराखडे मात्र विल्यम पार्सन्स या अमेरिकन वास्तुविशारदाच्या कचेरीतले, तेवढं मान्य. पण घराचा नकाशा काढणारा घराचा मालक होत नाही.

आता पैसा, कारण खरा अन्याय इथे आहे. गबाल्दोनने मांडलेला कायदा क्रमांक १८०१ असेंब्लीच्या पहिल्याच अधिवेशनात, डिसेंबर १९०७ मध्ये झाला. त्यात वाड्यावस्त्यांवर पक्क्या शाळा बांधायला १० लाख पेसो (पेसो हे तिथलं चलन) मंजूर झाले. कुठून? फिलिपिन्स बेटांच्याच सरकारी तिजोरीतून. ती तिजोरी तिथल्याच जकातीने आणि करांनी भरत होती, म्हणजे तिथल्याच शेतकऱ्याच्या, व्यापाऱ्याच्या खिशातून. शिवाय एका इमारतीला ४,००० पेसोंच्या वर खर्च करायचा असेल, तर मंजूर रकमेच्या निदान निम्मी भर गावाच्या नगरपालिकेने घालायची, अशी अट. ज्या गावांनी स्वतःची भर घालून वर्ग उभे केले, त्यांना शंभर वर्षांनी "तुम्हाला फुकट मिळालं" म्हणायचं? मला हे वाचवत नाही.

वॉशिंग्टनचा पैसा कधीच आला नाही असं मी म्हणत नाही. युद्ध, गुरांची साथ आणि उपासमार यांनी देश मोडून पडला, तेव्हा १९०३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ३० लाख डॉलर मदत दिली. १९०१ मध्ये 'थॉमस' जहाजातून आलेल्या शेकडो शिक्षकांनी मनापासून शिकवलं, हेही खरं. आणि असेंब्लीच्या कायद्याला वरच्या सभागृहाची, म्हणजे अमेरिकन बहुमताच्या कमिशनची, संमती लागायची. ती त्यांनी दिली. संमती देणं आणि पैसे देणं यांत फरक आहे.

सगळ्या जनतेला मत? मत फक्त २३ वर्षांवरच्या पुरुषांना, आणि तेही ५०० पेसोंची मालमत्ता किंवा वर्षाला ३० पेसो कर, स्पॅनिश वा इंग्रजी लिहिता-वाचता येणं, किंवा स्पॅनिश काळात गावात पद भूषवलेलं असणं, यांपैकी काहीतरी असेल तर. नोंदले गेले सुमारे १ लाख ५ हजार मतदार. १९०३ च्या जनगणनेत लोकसंख्या ७६ लाख होती. बायकांना मत मिळायला १९३७ उजाडलं.

राहिलं होयबा. गबाल्दोन १९२० ते १९२८ वॉशिंग्टनला रेसिडेंट कमिशनर, म्हणजे अमेरिकन काँग्रेसमधला फिलिपिन्सचा प्रतिनिधी, होता. ते पद अमेरिकेची बक्षिसी नव्हती, फिलिपिन्सच्या विधिमंडळाने त्याला निवडून पाठवलं होतं. तिथे त्याला बोलता येत होतं, मत देता येत नव्हतं. मिळालेल्या वेळात तो एकच गोष्ट मागत राहिला: स्वातंत्र्य.

त्याच्या नावाच्या कित्येक शाळा अजून उभ्या आहेत, उंच जोत्यावर, मोठाल्या खिडक्यांच्या. त्या जपायला २०१९ मध्ये तिथे वेगळा कायदा झाला. बाळा, सुट्टीत एखादी बघून ये, आणि हे सगळं त्या ग्रुपवर टाक.