अंगण वाकडंच आहे, तुम्ही नाचत राहा

तुमचं काहीच धड होत नाहीये ना? पगार वाढत नाही, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, सकाळी केलेला निश्चय दुपारी जांभई देतो आणि घरात बोलण्यापेक्षा भांडी आपटल्याचाच आवाज जास्त? आणि इतकी वर्षं तुम्ही समजत होतात की यात थोडाफार आपलाही हात असावा? काढून टाका ते मनातून. दोष तुमच्या चपलांच्या स्टँडचा आहे.

'नाचता येईना अंगण वाकडे' हा आपल्याला लहानपणी टोमणा म्हणून शिकवला, तिथेच सगळं चुकलं. तो टोमणा नाही, निदान आहे. सगळे हसले, पण त्या अंगणाची दिशा मोजायला कोणी गेलं का? नाही. जो तो नाचणारीच्या पायांकडे बघत बसला. फेंगशुई, म्हणजे घरात काय कुठे आणि कोणत्या दिशेला असावं हे सांगणारी चिनी विद्या, नाचणारीकडे ढुंकूनही बघत नाही, थेट अंगणाला हात घालते. ती इतकी लोकप्रिय का, हे आता मला वेगळं सांगायला नको.

फेंग म्हणजे वारा आणि शुई म्हणजे पाणी. ग्वो पू (२७६–३२४) या चिनी विद्वानाच्या नावावर एक जुना ग्रंथ सांगितला जातो. 'ची' नावाची प्राणशक्ती वाऱ्यावर स्वार झाली की विखुरते आणि पाण्यापाशी थांबते, असा त्याचा मुख्य मुद्दा. ग्रंथाचा विषय मात्र सोफा कुठे ठेवावा हा नव्हता. वाडवडलांना कुठे पुरावं, हा होता. जागा चांगली मिळाली तर वंशजांची भरभराट, नाहीतर वाटोळं. नातू उनाड निघाला तर आजोबा तिरके पुरले गेले होते! इतकी सोयीची व्यवस्था एकदा हाताशी आल्यावर ती फक्त थडग्यांपुरती कोण ठेवेल? शिवाय ज्यांच्यासाठी जागा निवडली त्यांच्यापैकी एकानेही उठून तक्रार केल्याची नोंद नाही. जिवंत माणसांच्या घरांत शिरल्यावर तक्रारी येणार हे उघड होतं, म्हणून उत्तरं आधीपासूनच भरपूर करून ठेवलेली आहेत. तीच आता आपण शिकायची.

सुरुवात धनाच्या कोपऱ्यापासून. हा कोपरा घराच्या आग्नेयेला असतो. चिनी जाणकार त्यासाठी लुओपान नावाचं होकायंत्र वापरतात. त्याच्या एका वलयात २४ 'डोंगर' असतात, प्रत्येक डोंगर १५ अंशांचा. तुमच्याकडे लुओपान नसेल तर मोबाइलमधलं होकायंत्र चालेल. ते फ्रिजजवळ धरलं तर एक दिशा दाखवतं, स्पीकरजवळ दुसरी. घाबरू नका, जी सोयीची असेल ती घ्या.

एवढ्यात तुमच्या ओळखीचं कोणीतरी येईल आणि म्हणेल, होकायंत्र कशाला, दारात उभं राहून आत बघा, समोरचा डावीकडचा शेवटचा कोपरा म्हणजे धनाचा कोपरा. ही पद्धत लिन युन या गुरूंनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रुजवली. आता गंमत बघा. तुमचं दार दक्षिणेला असेल तर या मंडळींचा धनाचा कोपरा वायव्येला जातो. होकायंत्रवाल्यांच्या हिशेबात तिथे मदतीला धावून येणारी माणसं आणि प्रवास राहतात. म्हणजे एका पद्धतीनं तुम्ही जिथे पैसे वाढवताय, तिथे दुसऱ्या पद्धतीनं पाहुणे वाढतायत.

यात गोंधळण्यासारखं काही नाही. दोन पद्धती असणं ही अडचण नाही, राखीव साठा आहे. आधी दहा वर्षं आग्नेयेला कारंजं ठेवा. पैसा आला नाही तर 'आपली पद्धतच चुकीची होती' असं म्हणून कारंजं वायव्येला न्या. आणखी दहा वर्षं निघाली. दार बरोबर उत्तरेला असेल तर मात्र दोन्ही पद्धतींचा कोपरा एकच येतो. असं घर शक्यतो घेऊच नका, सबबी एकदम निम्म्यावर येतात.

आता पलंग. यात फार लक्ष घालायला हवं, कारण माणूस आयुष्याचा तिसरा हिस्सा आडवा असतो आणि तेवढ्या वेळात त्याच्या हातून चूक होण्याची शक्यता जवळजवळ नसतेच. तेव्हा तिथली सगळी जबाबदारी पलंगाची. पाय दाराकडे करून झोपायचं नाही, कारण मेलेल्या माणसाला तसंच बाहेर नेतात. डोकं खिडकीखाली नको, आधार राहत नाही. डोक्यामागे भक्कम भिंत हवी, पण तिच्या पलीकडे संडास नको. वर तुळई नको, ती मनावर दाब आणते. समोर आरसा नको. दार झोपल्या जागेवरून दिसलं पाहिजे, पण पलंग दाराच्या अगदी समोर नको. आणि दोन्ही बाजूंनी चढायला-उतरायला जागा हवी, नाहीतर नात्यात एकाचीच बाजू चालते.

हे सगळं कागदावर लिहून खोलीत उभे राहा. एका भिंतीत दार, दुसरीत खिडकी, तिसरीच्या मागे संडास आणि चौथीला आरशाचं कपाट. पलंग उभा करून भिंतीला टेकवला तर एकही नियम मोडत नाही. मी स्वतः खोलीचा नकाशा काढून, पलंगाच्या मापाचा पुठ्ठा कापून, तो नकाशावर फिरवत एक अख्खी रात्र काढली. पहाटे चारला माझ्या लक्षात आलं की झोप न लागण्याचं कारण अखेर सापडलेलं आहे.

स्वयंपाकघराचं शास्त्र याहून गोड आहे. पंचतत्त्वं इथेही आहेत, फक्त यादी वेगळी: लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. लाकूड अग्नीला जन्म देतं, अग्नी राखेच्या रूपानं मातीला, माती धातूला, धातू पाण्याला आणि पाणी पुन्हा लाकडाला. हे झालं प्रेमाचं चक्र. दुसरं चक्र हाणामारीचं: पाणी अग्नीला विझवतं, अग्नी धातूला वितळवतो, धातू लाकडाला कापतो, लाकूड मुळांनी मातीला फोडतं आणि माती पाण्याला अडवते. आता शेगडीला लागून सिंक असेल तर पाणी आणि अग्नी दिवसरात्र हमरीतुमरीवर. 'आज भांडी कोणी घासायची' यावरून तुमच्या घरात जो वाद होतो, तो खरं म्हणजे शेगडी आणि सिंक यांचा आहे. तुम्ही दोघं फक्त त्यांचे वकील.

उपाय साधा आहे. दोघांच्या मध्ये लाकूड ठेवा, पाणी लाकडाला पोसेल आणि लाकूड अग्नीला. चिरायचा पाट ठेवला की काम झालं. पण पाटावर सुरी असते आणि धातू लाकडाला कापतो! मग धातूचा जोर कमी करायला हवा. धातू पाण्याला जन्म देता देता थकतो, तेव्हा सुरी सिंकमध्ये टाका. जमलं तर चमचे, झारे, कढईसुद्धा. तर मंडळी, सिंक भरून भांडी तशीच का पडलीत असं उद्या कोणी विचारलं तर खाली मान घालू नका. धातू ही पाण्याची आई आहे, मायलेकींना जरा एकत्र बसू दे, असं शांतपणे सांगा. विचारणाऱ्याचा चेहरा बघू नका.

संडासाच्या झाकणाबद्दल थोडक्यात: ते लावून ठेवायचं, कारण उघडं राहिलं तर घरातलं धन त्यातून वाहून जातं. पाणी सोडताना बारीक तुषार उडतात, सोबत जंतूही येतात, म्हणून झाकण लाव, हे घरातलं मोठं माणूस अनेक वर्षं कंठशोष करून सांगत होतं. त्यात धनाचा उल्लेख नव्हता आणि सल्ला फुकट होता, मग कोण ऐकणार? आता बघा, कसे सगळे निमूटपणे झाकण लावतात. बाहेर येऊन हात धुतले नाहीत तरी चालतं, हातांबद्दल कुठे काही म्हटलेलं नाही.

आता मूर्ती आणि झाडं. चिनी विद्येचा पगडा घरावर पूर्ण बसावा म्हणून पहिल्यांदा लकी बांबू आणा. हा बांबू नाही. ड्रॅसीना जातीचं झाड आहे आणि त्याचं मूळ मध्य आफ्रिकेत. मग हात हलवून बोलावणारी मांजर आणा, ती जपानी. मग पोट सुटलेला हसरा बुद्ध. हे गौतम बुद्ध नव्हेत, दहाव्या शतकातला बुदाई नावाचा भटका चिनी भिक्षू आहे, आणि बुदाई या शब्दाचा अर्थच कापडी पिशवी. या फकिराकडे त्या एका पिशवीपलीकडे काही नव्हतं, म्हणून आपण त्याला घरातल्या तिजोरीचा विभागप्रमुख नेमला आहे. तो इतका का हसतो, हे मला अलीकडेच कळलं.

या सगळ्यांत माझा जीव तीन पायांच्या बेडकावर. तोंडात नाणं धरलेला हा बेडूक घरात धन आणतो, पण त्याचं तोंड आत असायला हवं. ते दाराकडे झालं तर नाणं घेऊन तो निघालाच. इतर वस्तू जागा चुकल्या तर निदान जागच्या जागी चुकतात, बेडूक कधीही फिरू शकतो. धूळ पुसताना कोणाच्या तरी हातून तो उलटा ठेवला जातोच. तुमची गुंतवणूक बुडाली तर आकडे उघडून बघत बसू नका. बेडूक बघा. तो बाहेर तोंड करून बसलेला असेल तर एकच प्रश्न विचारायचा: 'याला शेवटचं कोणी पुसलं?' घरात शेवटचं पुसणारं माणूस तुम्ही नसता, याची मला खात्री आहे.

टोकदार कोपऱ्यांतून विषारी बाण सुटतात, तेव्हा टेबलाचं टोक कोणाकडे रोखलं आहे हेही बघून घ्या. ही काही घरगुती भीती नाही. हाँगकाँगमध्ये १९९० साली बँक ऑफ चायनाचा तिरक्या, धारदार कडांचा मनोरा उभा राहिला, तेव्हा त्याच्या कडा आजूबाजूच्या इमारतींवर सुऱ्यांसारख्या रोखल्या आहेत अशी ओरड झाली. जवळच्याच एचएसबीसीच्या गच्चीवर दुरुस्तीसाठीच्या क्रेन आहेत. त्या क्रेन नाहीतच, उलट रोखलेल्या तोफा आहेत, असं लोक हौसेनं सांगतात. एवढ्या मोठ्या बँका जर एकमेकींकडे कोपरे वटारून बघत असतील, तर समोरच्या घराची गॅलरी तुमच्यावर चाल करून येते आहे असं तुम्हाला वाटण्यात काहीच गैर नाही.

अडगळ काढायला सांगतात, ती जरूर काढा. अडगळीत 'ची' अडकते. यातला एकच नियम लक्षात ठेवा: अडगळ नेहमी दुसऱ्याची असते. तुमच्या खोक्यातल्या आता कुठल्याच फोनला न लागणाऱ्या चार्जरच्या वायरी म्हणजे संग्रह. तिची जुनी पत्रं, त्याचे कुस्तीतले चषक, मुलांची चित्रं ही अडगळ.

एवढं करूनही गुण आला नाही तर तज्ज्ञ बोलवा. लिन युन यांच्या परंपरेत मोबदला लाल पाकिटात घालून द्यायची रीत आहे. पाकिटं द्यायची कोणी आणि घ्यायची कोणी, याबद्दल मात्र सगळ्या पंथांचं एकमत आहे. तज्ज्ञाकडून संपत्ती वाढते यात शंका नाही, कोणाची वाढते तेवढं पाहायचं. हाँगकाँगच्या गडगंज श्रीमंत नीना वांग २००७ मध्ये वारल्या आणि त्यांचे फेंगशुई सल्लागार टोनी चॅन यांनी सगळी मालमत्ता आपल्या नावे केल्याचं मृत्युपत्र पुढे केलं. ते बनावट असल्याचा निकाल न्यायालयानं २०१० मध्ये दिला आणि २०१३ मध्ये चॅन यांना १२ वर्षांची कैद झाली. त्यांच्या कोठडीत पलंगाचे पाय दाराकडे होते का, याची चौकशी कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

आणि शेवटी, हे सगळं बसवून झाल्यावर हुश्श करून बसू नका. 'उडते तारे' नावाच्या फेंगशुईतल्या गणिताप्रमाणे दर २० वर्षांनी काळ बदलतो. असे नऊ काळ मिळून १८० वर्षांचं एक आवर्तन होतं. आठवा काळ २००४ ला सुरू झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये संपला. त्या २० वर्षांत तुमचं जे काही फसलं ते आता मिटलं, त्याचा हिशेब मागायचा नाही. सध्या नववा काळ चालू आहे आणि त्यात अग्नीचं राज्य आहे, तेव्हा सोफ्यावरच्या निळ्या उशा काढून लाल आणा. २०४४ मध्ये पुन्हा पहिला काळ येईल, तो पाण्याचा, आणि तेव्हा निळ्याच उशा लागतील. म्हणून त्या फेकू नका. पण माळ्यावरही ठेवू नका, तिथे त्यांची अडगळ होते. पलंगाखाली तर मुळीच नको, झोपेखालची 'ची' कोंडते. शेजाऱ्यांकडे ठेवा. आणि मधल्या काळात काही बिनसलंच, तर उशा कोणाकडे आहेत हे विसरू नका.