कारंजं राहू द्या, आधी वारं कुठनं येतं ते बघा

कोल्हापुरात कुठल्याही तळ्याच्या, चौकाच्या नाहीतर बागेच्या सुशोभीकरणाचा विषय निघाला की पहिली मागणी कारंज्याची. दुसरी त्यात रंगीत लायटिंगची. तिसरी सेल्फी पॉइंटची. मी बागा आणि मोकळ्या जागा आखायचंच काम करतो, त्यामुळं या तिन्ही मागण्या मला तोंडपाठ झाल्यात. आज जरा मनातलं लिहितो. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं एवढंच की पाणी आणि वारा हे दगड, माती, झाडांइतकंच कामाचं साहित्य आहे. दगड कुठल्या खाणीचा ते आपण विचारतो, विटेवर वीट आपटून आवाज ऐकतो. पण वारं कुठल्या अंगानं येतं, पाणी मे महिन्यात किती खाली जातं, हे नकाशावर रेघ ओढायच्या आधी कोणी विचारत नाही. सगळं बांधून झाल्यावर उरलेल्या पैशात पाणी आणायचं, आणि वाऱ्याचा तर विषयच नाही.

कारंज्याचंच घ्या. त्याचा एक साधा हिशोब आहे. फवारा जेवढा उंच, किमान तेवढं अंतर फवाऱ्यापासून हौदाच्या कडेपर्यंत पाहिजे. आठ फुटी फवाऱ्याला चारी बाजूंनी आठ फूट, म्हणजे सोळा फुटांचा हौद. जागा उघडी, वाऱ्याची असेल तर त्याहून जास्त. मोठ्या शहरांतल्या चौकांत वारा मोजणारं यंत्रच बसवलेलं असतं. वारं वाढलं की पंपाचा जोर आपोआप कमी होतो. आपल्याकडं शहराबाहेरच्या एका बंगल्यात मी गेलो तर पाच फुटांच्या हौदात आठ फुटी फवारा. माझ्या आधी कोणीतरी बसवून गेलेला. मालकांची तक्रार अशी की हौद रोज भरावा लागतो, आणि काळ्या गाडीवर पांढरे डाग पडतात. बोअरचं जड पाणी, वाळलं की क्षार मागं राहणारच. माळीमामांना विचारलं, "मामा, वारं कुठनं येतं हितं?" त्यांनी हातातल्या पाइपनंच पश्चिमेकडं दाखवलं. "दुपारनंतर हिकडनं. चार वाजल्यापास्नं गाडी भिजती बघा." हवामानाचा सगळा अहवाल दोन वाक्यांत! फवारा कापून फूटभर केला, बाकी पाणी हौदाच्या कडेवरनं पातळ सांडेल असं केलं. आता तिथं पाण्याचा आवाज येतो आणि गाडी कोरडी राहते.

आता रंकाळ्याकडं या. शहर तळ्याच्या पूर्वेला आहे आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळचं वारं पश्चिमेकडनं येतं. म्हणजे शहरात शिरायच्या आधी ते पाण्याच्या भल्यामोठ्या पसाऱ्यावरनं येतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 2400 किलोज्यूल उष्णता लागते. विजेच्या हिशोबात सांगायचं तर जवळजवळ दोन तृतीयांश युनिट. त्यातला मोठा वाटा पाणी आणि त्यावरनं जाणाऱ्या हवेतनंच जातो. म्हणून संध्याकाळी त्या काठावर भेळ खात बसलेल्या माणसाला जो गारवा लागतो, तो फुकटचा एसी आहे. पण दोन अटी आहेत. हवा कोरडी पाहिजे आणि वाहती पाहिजे. जुलैत हवा आधीच पाण्यानं भरलेली असते. तेव्हा शंभर कारंजी लावली तरी गारवा वाढत नाही, नुसता पंप फिरतो. आणि एप्रिलमध्ये वारं अडवलं तर तळं असूनही काठावर घामटा निघतो.

आपण नेमकं वारंच अडवतो. काठाला लागून पत्र्याची शेड, त्याच्यावर फ्लेक्स, मध्ये कुठं जागा उरली तर अशोकाची रांग नाहीतर मोरपंखीचं दाट कुंपण. हिरवं दिसतं म्हणून सगळे खूश. अहो, पण ती हिरवी भिंतच झाली की! सलग भिंतीचं असं होतं की वारं तिच्यावरनं उडी मारतं आणि पलीकडं भोवरा करून आदळतं, धूळ-कागद सगळं तिथं फिरत राहतं. वारं खरंच कमी करायचं असेल, तर साधारण निम्मी उघडी जाळी किंवा विरळ झाडी जास्त चांगलं काम करते. तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारं शांत होतं. आणि वारं आत घ्यायचं असेल, तर खोड उंच, फांद्या वर अशी झाडं लावावीत. कडुनिंब, करंज, खालच्या फांद्या छाटलेला वड. सावली वरनं मिळते, वारं खालनं येतं. तळ्याकडं तोंड असलेल्या गल्ल्या तर वाऱ्याच्या वाटाच आहेत. त्यांच्या तोंडाशी स्वागत कमान उभी करायची हौस असली तर करा, पण खालचा भाग तरी मोकळा ठेवा.

पाण्याच्या दर्जाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. सांडपाणी मिसळलं की जलपर्णी येते. जलपर्णीनं पृष्ठभाग झाकला की आभाळाचं प्रतिबिंब गेलं, खाली उजेड गेला, माशांचा प्राणवायू गेला. आणि जे वारं गारवा आणतं तेच मग वास आणतं. नासक्या साहित्यातनं डिझाइन होत नाही. आधी नाले बंद करा, मग लायटिंगचं बघू.

खरा मजकूर काठाचा आहे, तिथं जरा रेंगाळतो. पाण्याची पातळी बदलत राहते, हा या साहित्याचा सगळ्यात मोठा स्वभाव. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ मोजतात. 39 फुटांवर इशारा, 43 फुटांवर धोका. पावसाळ्यात हे आकडे आपल्याकडं शेंबड्या पोराला पाठ असतात. 2019 च्या महापुरात पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. आणि उन्हाळ्यात हीच नदी घाटाच्या पार खाली जाऊन बसते. असल्या पाण्याला उभी भिंत आणि त्यावर स्टीलचं रेलिंग बांधलं तर काय होतं? मेमध्ये पाणी माणसापासनं लांब, ऑगस्टमध्ये रेलिंग पाण्यात. वर्षातनं थोडेच दिवस ते ठीक दिसतं.

पंचगंगा घाट बघा. पायऱ्या असल्यामुळं कुठल्याही पातळीला कुठली तरी पायरी हाच काठ असतो. पाणी चढलं की एकेक पायरी जाते, छोटी मंदिरं आणि समाध्या बुडायला लागतात, दीपमाळांचे खांब तेवढे वर राहतात. लोक येऊन बघतात, "आज कुठवर आलंय?" आकडा न वाचताही पूर कळतो. ते बांधणाऱ्यांनी बुडणं गृहीत धरूनच बांधलं, म्हणून बुडून वर आलं तरी काही बिघडत नाही. रंकाळ्यातला संध्यामठ हा जुना दगडी मंडपही तसाच. पाणी भरलं की निम्मा आत, उतरलं की मोकळा. यातला दगडही बघण्यासारखा आहे. आपला काळा बसाल्ट, छिन्नीनं टाकी मारून खडबडीत केलेला, ओल्या पायाला धरणारा. आता नव्या कामांत पायरीवर चकचकीत ग्रॅनाइट येतो. पहिल्या पावसात आजी-आजोबा घसरतात, मग 'सावकाश चाला' अशी पाटी लागते. जुनं सगळं सोनं असं मी म्हणत नाही. जुन्या घाटांवर म्हाताऱ्या माणसाला धरायला कठडा नाही आणि व्हीलचेअरला तर वाटच नाही; ते आपण सुधारलं पाहिजे. पण उतार-पायरी टाकून भिंत घालणं म्हणजे सुधारणा नव्हे.

पाण्याला स्वतःचं काम स्वतः करू देणं यातही आपण काही नवखे नाही. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच दाबानं उघडतात. शाहू महाराजांच्या दूरदृष्टीचं ते धरण. तिथं दरवाजाला वीज लागत नाही, आणि आपल्या बागेतल्या हौदाला रोज मोटर लागते.

वाऱ्याचं न असणंसुद्धा वापरता येतं. त्रिपुरारी पौर्णिमेचा पंचगंगेवरचा दीपोत्सव पहाटेचा असतो. कारण धार्मिक असेल, परंपरेचं असेल, मला त्यात शिरायचं नाही. पण पहाटे वारं पडलेलं असतं, पणत्या विझत नाहीत आणि पाणी इतकं स्थिर की प्रत्येक ज्योत दोनदा दिसते. तोच कार्यक्रम संध्याकाळी सातला ठेवा, निम्म्या पणत्या पेटवता पेटवता विझतील. तसंच अंबाबाईच्या किरणोत्सवाचं. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळतीची किरणं गाभाऱ्यात येतात. वाटेतल्या इमारतींचे अडथळे आपण मोजतो, पण आकाशातले ढग, हवेतलं बाष्प, धूळ, धूर यांच्यामुळंही किरणं मध्येच क्षीण होतात. हवा स्वच्छ असणं हा त्या मंदिराच्या रचनेचाच भाग धरला पाहिजे.

बाहेरचं जग काय करतं? न्यूयॉर्कमध्ये पेली पार्क म्हणून एक बाग आहे, 1967 सालची, आपल्या एखाद्या मंगल कार्यालयाच्या पार्किंगएवढी. मागच्या भिंतीवर वीस फुटांचा धबधबा. त्याचं मुख्य काम आवाजाचं. रस्त्यावरच्या गाड्या ऐकूच येत नाहीत. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात 2006 साली केलेल्या जलदर्पणात काळ्या ग्रॅनाइटवर फक्त दोन सेंटीमीटर पाणी आहे, आणि समोरची अख्खी इमारत त्यात उतरते. गडद तळ आणि थोडं पाणी, बस्स. आपल्याकडं हौदाला निळ्या फरशा लावतात आणि मग प्रतिबिंब का दिसत नाही म्हणून विचारतात! 2002 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका तळ्यावर डिलर आणि स्कोफिडिओ या वास्तुकारांनी तर धुक्याचीच इमारत केली. तळ्याचं पाणी हजारो बारीक नोझलमधनं फवारायचं, आणि वारा, तापमान, दमटपणा बघून संगणक दाब बदलायचा. मला व्यक्तिशः ते जरा जास्तच वाटतं. पण वारं आधी विचारात घेतलं होतं, हे मानलं पाहिजे.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. नगरचा निजामशाहीतला फराहबाग महाल पाण्याच्या मधोमध उभा केला, म्हणजे कुठनंही वारं आलं तरी पाण्यावरनंच येणार. मुघल बागांमध्ये पाणी तिरक्या, कोरलेल्या शिळेवरनं सोडायचे. नक्षीवर आपटून ते पांढरं होऊन उतरायचं आणि थोड्याच पाण्याचा मोठा आवाज व्हायचा. त्याला चादर म्हणतात. पंप नाही, नुसता उतार.

तर पुढच्या वेळी एखाद्या तळ्याच्या सुशोभीकरणाचा आराखडा लोकांपुढं ठेवला गेला, तर रंगीत थ्रीडी चित्रं बाजूला ठेवून दोन साधे कागद मागा. एकावर मे आणि जुलैमधल्या वाऱ्याची दिशा, काठावर त्याला कुठं कुठं वाट ठेवली आहे यासकट. दुसऱ्यावर काठाचा उभा छेद, म्हणजे काठ वरनं खाली कापला तर कसा दिसेल ते चित्र, त्यात मेची आणि ऑगस्टची पाण्याची पातळी दाखवलेली. आणि कारंजं असलंच, तर पंपाचं वीजबिल आणि नोझल साफ करायची मजुरी पाच वर्षं कोण भरणार, तेही त्याच कागदावर लिहून घ्या.