राल्फ बंच यांनी म्हणे ‘रडगाणं’ गायलं नाही

आरक्षणाचा विषय तापला की आमच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. सार असं: राल्फ बंच हा अमेरिकेतला अनाथ काळा मुलगा. स्वतःच्या हिमतीवर हार्वर्डला शिकला, तिथेच प्राध्यापक झाला, १९५० साली शांततेचं नोबेल मिळवलं. कधी वर्णद्वेषाचं रडगाणं गायलं नाही. गुणवत्ता असली की रंग कोणी विचारत नाही!

नोबेलचं खरं आहे. १९४९ साली इस्रायल आणि अरब देशांत युद्धबंदीचे करार घडवून आणल्याबद्दल ते मिळालं, आणि ते मिळवणारे बंच पहिले कृष्णवर्णीय. पुढे मात्र दाणे कमी, भुसा जास्त.

‘स्वतःच्या हिमतीवर’. आई लहानपणीच गेली, आजीने वाढवलं, हे खरं. हार्वर्डची शिष्यवृत्तीही मिळाली. पण तेवढ्यावर भागणार नव्हतं, म्हणून लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय समाजाने वर्गणी काढून हजार डॉलर उभे केले. त्या वर्गणीचा मजकुरात उल्लेख नाही.

‘तिथेच प्राध्यापक झाला’. इथे कोणाचा तरी रफार घसरलाय. १९२८ पासून बंच शिकवत होते ते हार्वर्डमध्ये नव्हे, हॉवर्डमध्ये, म्हणजे वॉशिंग्टनमधल्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात. तिथला राज्यशास्त्र विभाग त्यांनीच उभारला. हार्वर्डने प्राध्यापकपद देऊ केलं ते १९५० मध्ये, जगभर नाव झाल्यावर. तिथे एकही तास न घेता त्यांनी दोन वर्षांनी ते सोडलं.

‘रडगाणं गायलं नाही’. याचं मला सर्वांत हसू येतं, कारण या माणसाच्या अभ्यासाचा विषयच वर्णद्वेष होता. १९३४ ची डॉक्टरेट आफ्रिकेतल्या फ्रेंच राजवटीवर. १९३६ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की वंशभेदाला शास्त्राचा आधार नाही, तो शोषणाचं हत्यार म्हणून वापरला जातो. (वंशापेक्षा वर्गाला ते तेव्हा जास्त महत्त्व देत. पण तेव्हाचे बंच पक्के डावे होते, हे फॉरवर्डवाल्यांना परवडेल का?) मग स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुन्नार मिरदाल यांच्या अमेरिकेतल्या वर्णप्रश्नावरच्या मोठ्या अभ्यासात ते प्रमुख सहकारी झाले. १९६५ मध्ये, संयुक्त राष्ट्रांतल्या बड्या पदावर असताना, आजारी प्रकृतीनिशी कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर पुढच्या रांगेत चालले.

आणि ‘रंग कोणी विचारत नाही’. १९४९ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना सहायक परराष्ट्रमंत्रिपद देऊ केलं. बंच नाही म्हणाले. कारण वॉशिंग्टनमध्ये कुठे राहायचं, हे तेव्हा रंगावरून ठरत होतं, आणि तिथे पुन्हा बिऱ्हाड करायची त्यांची तयारी नव्हती.

नोबेलनंतर तरी? १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्समधल्या टेनिस क्लबमध्ये त्यांचा मुलगा खेळ शिकत होता. त्याच्या सभासदत्वाबद्दल विचारल्यावर उत्तर आलं: कृष्णवर्णीयांना आणि ज्यूंना घेत नाही. वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, क्लबचे अध्यक्ष पायउतार झाले, माफीसोबत सभासदत्वाचं आमंत्रणही आलं. बंच यांनी ते नाकारलं. हे आमंत्रण समतेपोटी आलेलं नाही, माझ्या एकट्याच्या नावासाठी केलेला अपवाद आहे, असं त्यांनी कळवलं.