बैठकीला माणसं जमली म्हणजे सहभाग झाला, असं नाही

आरोग्य सुधारायचं तर लोकसहभाग हवा, यावर सगळ्यांचं एकमत असतं. पण किती लोक, कोणते लोक आणि त्यांनी करायचं काय, हे विचारलं की उत्तरं गुळमुळीत होतात. एक बैठक, हजेरीपटावर सह्या, एक ग्रुप फोटो, की झाला सहभाग. मला हे फार लागतं. नीट झालेल्या सहभागाने बाळांचे जीव वाचतात हे मोजून दाखवलेलं आहे, आणि उरकलेल्या सहभागाने काहीही हलत नाही हेसुद्धा मोजलेलं आहे.

नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यातला प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे स्थानिक बाईच महिन्यातून एकदा महिलांचा गट बसवायची. बाळंतपणातल्या अडचणी कोणत्या, त्यातल्या आधी कोणत्या घ्यायच्या, उपाय काय आणि तो करणार कोण, हे गटच ठरवायचा. ठरलेलं करून बघायचं, मग पुन्हा बसून काय जमलं ते तपासायचं. आरोग्यसेवेतली सुधारणा प्रयोगाच्या आणि तुलनेच्या, दोन्ही भागांत केली होती. फरक होता तो गटांचा. नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या भागात दर हजारी ३६.९, तर गट असलेल्या भागात २६.२.

हीच पद्धत बांगलादेशात नेली, तेव्हा पहिल्या फेरीत मृत्युदरावर परिणाम दिसला नाही. तिथे साधारण १,४०० लोकवस्तीमागे एक गट होता, त्यामुळे बहुतेक गरोदर बायका गटापर्यंत पोचल्याच नव्हत्या. पुढच्या फेरीत साधारण ३०० लोकवस्तीमागे एक गट केला आणि नवजात मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. भारत, नेपाळ, बांगलादेश आणि मलावी इथल्या सात प्रयोगांचा २०१३ मध्ये एकत्र अभ्यास झाला, त्यातही हेच निघालं. जिथे किमान ३० टक्के गरोदर स्त्रिया गटात येत होत्या, तिथे परिणाम ठळक होता. म्हणून गट सुरू करताना ‘किती बैठका घेणार’ याच्याही आधी ‘ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांतल्या किती जणी येणार’ हे कागदावर मांडा. दहात तीनसुद्धा येणार नसतील तर गट वाढवा, बैठकीची जागा घरांजवळ आणा, वेळ बदला.

दुसरी गोष्ट माहितीची. युगांडात ५० आरोग्य केंद्रांवर एक प्रयोग झाला. लोकांना त्यांच्याच केंद्राचं प्रगतिपत्रक दाखवलं आणि मग लोक व कर्मचारी यांनी मिळून सुधारणेचा करार केला. वर्षभरात पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे त्याच संशोधकांनी दुसऱ्या केंद्रांवर बैठका आणि करार तसेच ठेवले, पण पत्रक दिलं नाही. परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. आकडे हाती नसले की बोलणं ‘डॉक्टर नीट बोलत नाहीत’ इथेच अडकतं, आणि त्यावर कुणालाच काही करता येत नाही. (नंतर युगांडातच झालेल्या बऱ्याच मोठ्या प्रयोगात मृत्युदरातली अशी घट दिसली नाही, हेही सांगायलाच हवं. पत्रक म्हणजे जादू नाही.)

पत्रकात पाच-सहा बाबी पुरतात. गेल्या महिन्यात कोणतं औषध किती दिवस संपलेलं होतं, केंद्र किती वाजता उघडलं, तपासणीसाठी किती वेळ थांबावं लागलं, कोणाला उपचाराविना परत पाठवलं, नळाच्या पाण्यात क्लोरीन किती. प्रत्येक बाब दरवेळी एकाच पद्धतीने मोजायची, नाहीतर या महिन्याची मागच्या महिन्याशी तुलनाच होत नाही.

पाण्याचं उदाहरण घ्या, कारण तिथे सगळ्यात जास्त गफलत होते. नमुना टाकीजवळच्या नळाचा घेतला की आकडा हमखास चांगला येतो. घ्यायचा तो वाहिनीच्या शेवटच्या टोकाचा. नळातून थोडं पाणी वाहू द्या, मग तपासणीची स्वच्छ काचनळी भरा आणि जागेवरच तपासा. नमुना उन्हात किंवा पिशवीत तासभर राहिला तर क्लोरीन उडून जातं आणि आकडा खोटा कमी येतो. डीपीडी या क्लोरीन ओळखणाऱ्या रसायनाची गोळी टाकली की पाणी गुलाबी होतं. मुक्त क्लोरीनसाठी, म्हणजे जंतू मारायला मोकळं उरलेल्या क्लोरीनसाठी, तो रंग मिनिटाभरात रंगपट्टीशी ताडून पाहा. उशीर केला तर आकडा खोटा वाढतो. घरापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. तारीख, वेळ, नळाची जागा आणि आकडा अशी ओळ वहीत असली, की पाणीपुरवठा खात्याला ‘बघतो’ म्हणून सुटता येत नाही.

इतिवृत्ताचंही तसंच. ‘चर्चा झाली’ असं लिहिलेलं इतिवृत्त निरुपयोगी. चार रकाने करा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, झालं का. पुढची बैठक चौथ्या रकान्यापासूनच सुरू करा. आणि ज्याच्या हातात निर्णय आहे, असा एक अधिकारी तिथे हजर हवा. तो नसला तर लोक दोनतीनदा येतात, मग येत नाहीत. त्याला लोकांची उदासीनता म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मतदानाकडेही याच नजरेने बघावं. ब्राझीलमध्ये आधी कागदी मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव किंवा क्रमांक लिहावा लागे. कमी शिकलेल्यांची मतं मोठ्या संख्येने बाद होत. नव्वदच्या दशकात मतदान यंत्रं आली, ती मतं मोजली जाऊ लागली, आणि पाठोपाठ आरोग्यावरचा सरकारी खर्च वाढला, गरोदरपणातल्या तपासण्या वाढल्या, कमी वजनाची बाळं घटली. उलटंही घडतं. अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाल्यावर १९२१ मध्ये माता-बाल आरोग्यासाठी केंद्राचा निधी देणारा कायदा झाला. स्त्रिया एकगठ्ठा मत देत नाहीत हे राजकारण्यांच्या लक्षात आलं, धाक ओसरला, आणि १९२९ मध्ये तो निधी बंद पडला.

या सगळ्यात एक माणूस सतत निसटतो, तो म्हणजे आजारी माणूस. डायलिसिसवर असलेला, अंथरुणाला खिळलेल्याची सेवा करणारी, मानसिक आजाराशी झुंजणारा, हे बैठकीला येत नाहीत, मतदानालाही कमी जातात. मग निरोगी लोकांच्या मागण्या पुढे जातात आणि आजारी वस्ती मागे पडते. यावर साधा उपाय आहे. प्रत्येक बैठकीच्या आठवडाभर आधी अशा घरांची यादी घेऊन दोघांनी दारोदार जावं, पत्रकातले तेच प्रश्न विचारावेत आणि ती उत्तरं बैठकीत सर्वांत आधी वाचावीत. यादी मात्र उघड्यावर फिरवू नये, आणि वाचताना नाव घेऊ नये.