हडळ सतराव्या मजल्यावर

भयकथा लिहायला शिकायचं म्हणून मी 2000 रुपये भरून दर शनिवारी एका कार्यशाळेला जातो. या वेळी गोष्टीच्या बारा प्रती आणायच्या होत्या, म्हणून काल संध्याकाळी नौपाड्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. डोकं अजून ठणकतंय.

पहिलं पान मशीनमधून बाहेर आलं, ते माझ्याआधी शेजारच्या काकूंनी उचललं. एका हातात आधार कार्ड, दंडाला भाजीची पिशवी. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि चक्क वाचायला लागल्या.

"तुम्ही लिहिलंत?"

"हो," मी लाजत म्हणालो. तिथेच चुकलं.

"ही हडळ सतराव्या मजल्यावर आली कशी?"

"घोडबंदर रोडचा टॉवर आहे तो."

"ते वाचलं हो. आली कशी? लिफ्टने?"

"भुताला लिफ्ट कशाला लागते, काकू?"

"मग बेल कशाला वाजवली?"

काउंटरवरचा पोरगा फिस्सकन हसला. पैसे माझ्याकडून घेणार होता तरी.

"आणि उलटे पाय पहिल्याच पानावर दाखवलेस? मग पुढची सात पानं लोकांनी कशाला वाचायची?" दुसऱ्या पानाला मी 'तुम्ही'वरून 'तू'वर उतरलो होतो. "त्यापेक्षा मुंजा घ्यायचास."

"मुंजाला पिंपळ लागतो."

"मग गिऱ्हा घे. ठाण्यात तळी काय कमी आहेत?"

आता तलावपाळीला गिऱ्हा बसवायचा कुठे? बोटिंग, भेळ, फुगेवाले, सेल्फी. कुणाचा पाय ओढायचा तर त्याला रांगेत नंबर लावावा लागेल. पिंपळ म्हणाल तर ड्रेनेजच्या पाइपाच्या सांध्यात उगवलेला, हातभर. भीती वाटायला माळा लागतो, अडगळ लागते, माजघर लागतं. नौपाड्यातल्या जुन्या दुमजली इमारती एकेक करून रिडेव्हलपमेंटला गेल्या, भुतांनी राहावं तरी कुठे? माझी स्वतःची इमारत पाडून चार वर्षं झाली. समोर एक खड्डा आहे आणि त्यात पावसाचं पाणी. बिल्डर म्हणतो, 'अजून सहा महिने.' दोन महिने भाड्याचा चेक आलेला नाही. मध्यरात्री दचकून उठतो तो त्या चेकच्या आठवणीने. हेच कार्यशाळेत लिहून नेलं होतं, तर सर म्हणाले, "छान आहे, पण ही सामाजिक कथा झाली." म्हणून तर हडळ घालावी लागली.

असो. काकू.

"आमच्या देवगडला," त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "सासूबाईंच्या दहाव्याला सगळी नदीवर गेलेली. घराला कुलूप. किल्ली माझ्या कमरेला. परत येऊन दार उघडलं तर तव्यावर भाकरी. चूल थंडगार, राखसुद्धा कालची. मी भाकरीला हात लावला. गरम. एका बाजूने भाजलेली, उलटायची राहिलेली. आणि आत माजघरात..."

झेरॉक्सचा खरर आवाज थांबलेला. मागच्या रांगेतला लायसनवाला माणूससुद्धा पुढे वाकलेला. पो नावाच्या अमेरिकन लेखकाने 1846 साली लिहून ठेवलंय, म्हणे, की गोष्ट एका बैठकीत वाचून व्हावी. सर हे दर शनिवारी सांगतात. काकूंची उभ्या उभ्याच होत आली होती.

"काकू, झाल्या तुमच्या कॉप्या. सहा रुपये."

काकूंनी दहाची नोट दिली, चार रुपये मोजून घेतले, कॉप्या पिशवीत मेथीच्या जुडीमागे सारल्या आणि निघाल्या. शिवाय जाता जाता माझं तिसरं पान काउंटरवर टाकत, "शुद्धलेखन बघ जरा."

96 पानं तशीच टाकून मी मागे धावलो. त्या रिक्षात बसतही होत्या. मी धापा टाकत विचारलं, "काकू, माजघरात? पुढे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रिक्षावाल्याच्या पाठीवर बोट टोचून म्हणाल्या, "पुढे तीन हात नाका."