आधी कुठली रेघ, यावर एवढा काथ्याकूट कशाला?

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही तसंच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चिनी अक्षरांत कुठली रेघ आधी नि कुठली नंतर, हे नवशिक्यांकडून घोकून घेणं हा छळ आहे. फोनवर उच्चार टाइप केला की अक्षर समोर येतं. चीन आणि जपानचा क्रमही एक नाही, मग बरोबर कुठला? आणि मराठीत शिरोरेघ आधी मारली काय नि शेवटी मारली काय, कोण विचारतं?

पहिलीच्या बाई विचारायच्या की! बाण काढलेली अक्षरं गिरवून घ्यायच्या. हाताला वळण लागलं नि आपण ते विसरलो. शिवाय आपली मुळाक्षरं पन्नासेक. चीनच्या २०२१ च्या मानकानुसार परदेशी विद्यार्थ्याने शेवटच्या पातळीपर्यंत ३००० अक्षरं ओळखायची आणि १२०० हाताने लिहायची. म्हणजे वाचता येणारं प्रत्येक अक्षर लिहिता यायलाच हवं असं नाही, हा तुमचा मुद्दा त्यांनाही मान्य आहे. पण ती १२०० दर वेळी नव्या वाटेने लिहिली, तर हाताच्या लक्षात काय राहणार? आणि घोकायचं म्हणाल, तर ढोबळ नियम सात-आठच आहेत. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी-उभी छेदत असतील तर आडवी आधी, वगैरे.

'खोउ' घ्या, म्हणजे तोंड. दिसायला साधा चौकोन. नवशिका चार रेघांत काढतो. तुम्ही तर गोल काढता म्हणे! रेघा आहेत तीन. आधी डावीकडची उभी, मग वरची आडवी नि उजवीकडची उभी हात न उचलता, शेवटी खालची. देश या अर्थाच्या 'ग्वो'मध्ये हाच चौकोन मोठा होतो, पण तळ उघडा ठेवून आधी आतलं लिहायचं, मग तळ लावायचा. उलट करून बघा, आतलं एक तर कोंबावं लागतं नाही तर अधांतरी राहतं.

तीन की चार, याने बिघडतं काय? रेघा मोजून कोशात शोधलंत तर अक्षर सापडत नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकचं संचलन आठवतंय? रिवाजाप्रमाणे पहिला ग्रीस, आणि त्याच्यामागे गिनी, कारण चिनी नावातल्या पहिल्या अक्षराला दोनच रेघा. तुर्कस्तान आणि येमेन या दोघांच्या पहिल्या अक्षरात तीन-तीन. तरी तुर्कस्तान पुढे, कारण त्याची पहिली रेघ आडवी, येमेनची मोडलेली, म्हणजे मध्येच वळणारी. आडवी, उभी, डावीकडे उतरती, ठिपका, मोडलेली असा प्रकारांचा ठरलेला क्रमच आहे. याच पाच प्रकारांच्या पाच बटणांवर चालणारी टायपिंगची पद्धतही आहे. उच्चार येत नसेल तेव्हा ती उपयोगी पडते, आणि तिथे क्रम चुकला की अक्षर हाती लागत नाही.

जपानबद्दल तुमचं खरं आहे. 'डावा' नि 'उजवा' या दोन्ही अक्षरांचा माथा सारखाच, एक आडवी नि एक तिरकी. चीनमध्ये दोन्हींत आडवी आधी. जपानमध्ये 'डावा' आडवीने सुरू होतो, 'उजवा' तिरकीने. जपानच्या शिक्षण मंत्रालयाच्या १९५८ च्या मार्गदर्शिकेत तर स्पष्ट म्हटलंय की इथे न दिलेला क्रम चूक समजू नये. चीनने मात्र २०२० मध्ये ८१०५ अक्षरांचा क्रम ठरवून टाकला. जी भाषा शिकताय तिथला क्रम धरा. (माथ्यावरच्या या वादासाठी मी कुणाचे गुण कापत नाही.)

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा दुसरा आहे: दुसऱ्याचं हस्ताक्षर वाचता येतं. घाईत लिहिणारा पेन उचलत नाही, रेघा एकमेकींत ओढल्या जातात, आणि त्या बहुतेक क्रमानेच. क्रम माहीत असला की 'खोउ'ची झालेली नुसती वळवळही ओळखू येते. १९५६ मध्ये चीनने अक्षरं सोपी केली, तेव्हा असे कितीतरी घाईतले आकार थेट छापील झाले. पुस्तक या अर्थाचं 'शू' १० रेघांचं होतं, ते ४ वर आलं.

तुम्हाला फक्त वाचायचं नि टाइप करायचं असेल, तर गिरवायची वही खुशाल मिटून ठेवा. फक्त एखाद्या चिनी सहकाऱ्याने हाताने खरडलेली चिठ्ठी दिली, तर ती टाइप करून मागा.